दर पावणेदोन तासांनी येणारा उंचवटा: प्रोसेसर वापराच्या एका विचित्र आलेखाचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

पश्चिम महाराष्ट्रातील एका दूध संघाच्या संकलन केंद्रांसाठी संगणकप्रणाली चालवणाऱ्या एका छोट्या कंपनीत हे प्रकरण घडले. ओळख पटू नये म्हणून संघाचे, गावांचे आणि व्यक्तींचे तपशील गाळले आहेत आणि मोजमापांचे आकडे जवळच्या सोयीच्या संख्येत दिले आहेत.

या प्रणालीच्या कामाला एक ठरलेली लय आहे. सकाळी आणि संध्याकाळी केंद्रावर दूध येते, वजन, फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातले इतर घन पदार्थ) यांची नोंद होते, दरपत्रकावरून रक्कम निघते आणि उत्पादकाला पावती मिळते. दर दहा दिवसांनी बिले तयार होतात, त्यातून पशुखाद्याची उचल आणि इतर कपाती वजा होतात आणि रकमा बँकेकडे पाठवण्याची यादी निघते. त्यामुळे सर्व्हरच्या प्रोसेसर वापराच्या आलेखात रोज दोन फुगवटे आणि दर दहा दिवसांनी रात्री एक तिसरा, अधिक उंच फुगवटा दिसणे अपेक्षितच होते. तांत्रिक गटातल्या सर्वांना हा आलेख इतका पाठ झाला होता, की दूध किती वाजता यायला लागले हे नुसत्या रेषेवरून सांगता यावे.

एकूण सहा आभासी सर्व्हर होते आणि प्रत्येकाला आठ कोर (प्रोसेसरचे स्वतंत्रपणे काम करणारे भाग) होते. पाच सर्व्हरवर उबुंटू २०.०४ होते, तर अहवालांसाठी राखलेल्या सहाव्या, जुन्या सर्व्हरवर सेंटओएस ७ होते; दोन्ही लिनक्स या कार्यप्रणालीचीच रूपे. प्रत्येकावर मोजमापे गोळा करणारा एक मुक्तस्रोत एजंट दर दहा सेकंदांनी चालत असे. मूळ मोजमापांखेरीज गटाने वेळोवेळी स्वतःच्या लहान स्क्रिप्ट त्याला जोडल्या होत्या: डिस्कवरची मोकळी जागा, छपाई सेवेची रांग, एसएमएसची शिल्लक, प्रमाणपत्राची मुदत, शेवटच्या बॅकअपची वेळ आणि असेच बरेच काही. प्रत्येक अडचणीनंतर एक स्क्रिप्ट वाढत गेली होती आणि त्यांची संख्या चोवीसवर पोचली होती. जुनी स्क्रिप्ट काढून टाकण्याचे काम अर्थातच कोणाकडेच नव्हते.

समस्या

गटाने या मोजमापांचे आलेख दाखवणाऱ्या मुख्य पडद्याची मांडणी बदलली आणि त्याबरोबर ‘प्रोसेसर वापर’ नावाचा एक नवा आलेख आला. काही दिवसांत त्यावर एक अनोळखी आकार दिसू लागला. दिवसाच्या कोणत्याही वेळी रेषा अचानक चढे, सुमारे पंधरा-सतरा मिनिटे वर राही आणि तशीच खाली येई. वर असताना आकडा १४० टक्क्यांच्या आसपास असे. दूध येण्याच्या वेळांशी त्याचा काहीही संबंध नव्हता. भर दुपारी, जेव्हा एकही केंद्र उघडे नसे, तेव्हाही तो तितकाच उंच असे.

शंभराच्या वर गेलेला आकडा पाहून सर्वप्रथम आलेखाचे सूत्र तपासले गेले. त्यातून कळले, की या आलेखात प्रोसेसरचा प्रत्यक्ष वापर मोजलेलाच नव्हता. ज्याने पडदा मांडला त्याने लिनक्सची एक मिनिटाची लोड सरासरी घेऊन तिला कोरच्या संख्येने भागले होते आणि त्यावर टक्क्याचे चिन्ह लावले होते. ही पद्धत सर्रास वापरली जाते आणि सरसकट चूकही नाही, पण या दोन राशी वेगळ्या आहेत. वापर म्हणजे दिलेल्या काळात कोर किती वेळ कामात होते याचे प्रमाण, जे शंभराच्या वर जाऊ शकत नाही. लोड म्हणजे त्या क्षणी चालू असलेल्या, चालण्यासाठी रांगेत असलेल्या आणि लिनक्सच्या बाबतीत डिस्कसारख्या साधनाची वाट पाहत अडकून पडलेल्या प्रक्रियांची, म्हणजे सुरू असलेल्या प्रोग्रॅमची, संख्या. हा शेवटचा प्रकार लिनक्समध्ये १९९३ पासून मोजला जातो, त्यामुळे प्रोसेसर रिकामा असतानाही लोड वर जाऊ शकतो.

मग प्रत्यक्ष वापराचा आलेख शेजारी लावण्यात आला, आणि प्रश्न सुटण्याऐवजी वाढला. उंचवट्याच्या काळात लोड बाराच्या जवळ होता, तर वापराची रेषा आधी, मध्ये आणि नंतर तेवीस टक्क्यांच्या आसपास सपाट होती. केंद्रांकडून तक्रार नव्हती आणि पावती निघायला लागणारा वेळही बदलत नव्हता.

तरीही अलर्ट येतच होते. लोड कोरच्या संख्येच्या वर पाच मिनिटे राहिला, की पाळीवरच्या अभियंत्याला फोन जाई. पाच सर्व्हरवर प्रत्येकी दिवसाला तेरा-चौदा उंचवटे, म्हणजे चोवीस तासांत पासष्टच्या वर फोन. अशा परिस्थितीत माणसे जे करतात तेच झाले आणि लोडचे अलर्ट गप्प करण्यात आले. पुढच्या बिलाच्या रात्री रकमांची यादी तयार करणारे काम खरोखरच अडकले, लोड खरोखरच चढला, आणि ती गोष्ट गटाला सकाळी एका केंद्रचालकाच्या फोनवरून कळली. बिले अर्धा दिवस उशिरा गेली. तोपर्यंत गंमत वाटणारा आलेख त्या दिवसापासून व्यवस्थापनाच्या बैठकीत पोचला.

आधी काय तपासले गेले

पहिला संशय क्रॉनवर, म्हणजे ठरलेल्या वेळी कामे आपोआप सुरू करणाऱ्या सोयीवर होता, आणि तो रास्तच होता. ठरावीक अंतराने येणारा उंचवटा दिसला, की ठरावीक अंतराने चालणारे काम शोधावे ही चांगली सवय आहे. सहाही सर्व्हरवरची सगळी वेळापत्रके काढली गेली. पाच मिनिटे, पंधरा मिनिटे, एक तास, एक दिवस अशी अंतरे सापडली, पण पावणेदोन तासांच्या जवळपासचे काही सापडले नाही.

दुसरा संशय डिस्कवर होता. वापर सपाट आणि लोड उंच असेल, तर प्रक्रिया डिस्कची वाट पाहत असाव्यात, हा अंदाज अनुभवी माणसाच्या मनात लगेच येतो. डेटाबेस सांभाळणाऱ्या अभियंता बाईंनी उंचवट्याच्या काळात दर पाच सेकंदांनी प्रक्रियांच्या अवस्थांची यादी घेतली. वाट पाहत अडकलेली प्रक्रिया जवळजवळ एकही नव्हती. चालण्यास तयार अशा प्रक्रियाही दोन-तीनच दिसत होत्या. लोड बारा आणि यादीत तिघे, हा विरोधाभास त्यांनी टिपून ठेवला, पण त्या वेळी त्याचा अर्थ लागला नाही.

तिसरा संशय शेजाऱ्यावर. आभासी सर्व्हर ज्या यंत्रावर चालतो त्यावरच्या दुसऱ्या ग्राहकाने प्रोसेसर अडवला, तर ते ‘स्टील’ नावाच्या मोजमापात दिसते. ते शून्य होते.

याच टप्प्यावर एका सर्व्हरला रीस्टार्ट दिला गेला. त्यानंतर सव्वा तास रेषा शांत राहिली आणि प्रश्न सुटल्याचा निरोपही पाठवला गेला. मग उंचवटा परत आला, फक्त त्याच्या वेळा बदललेल्या होत्या. हे निरीक्षण फार मोलाचे होते, कारण रीस्टार्टने उंचवट्याची वेळ सरकते म्हणजे त्याचे मूळ घड्याळातल्या वेळेत नसून यंत्र सुरू झाल्याच्या क्षणाशी बांधलेले आहे, हे त्यातून निघत होते. मात्र त्या दिवशी ते ‘रीस्टार्टने उपयोग झाला नाही’ एवढ्याच शब्दांत नोंदले गेले.

समोर असलेले पर्याय

बैठकीत चार पर्याय मांडले गेले. अलर्टची मर्यादा आठवरून सोळावर न्यावी, हा पहिला आणि सर्वांत स्वस्त. त्याने फोन थांबले असते, पण बिलाच्या रात्रीची खरी अडचणही पुन्हा झाकली गेली असती.

दुसरा पर्याय आठऐवजी सोळा कोर घेण्याचा होता आणि त्याचे दरपत्रकही आले होते. व्यवस्थापनाचा कल याकडे होता. या पर्यायाबद्दल थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे, कारण तो निवडला असता तर तो यशस्वी ठरल्यासारखा दिसला असता. कोर दुप्पट झाल्यावर अलर्टची मर्यादाही आपोआप सोळा झाली असती, बाराचा उंचवटा तिच्या खाली राहिला असता, फोन थांबले असते आणि ‘प्रोसेसर अपुरा होता’ हे निदान सिद्ध झाल्याचे सगळ्यांनी मान्य केले असते. खर्चही झाला असता आणि चुकीचे निदान कायमचे कागदावर गेले असते. उपायानंतर लक्षण गेले म्हणजे निदान बरोबर होते, असे मानण्यातला धोका इथे स्पष्ट दिसतो.

तिसरा पर्याय लोड पाहणेच सोडून फक्त प्रोसेसर वापर पाहण्याचा होता. चौथा म्हणजे आणखी एक आठवडा थांबून कारण शोधणे. गटप्रमुखांनी चौथा निवडला आणि त्याला मुदत घातली: आठ दिवसांत कारण सापडले नाही तर कोर वाढवायचे. तोपर्यंत बिलाच्या रात्री पाळीवरच्या माणसाने रांगेची लांबी प्रत्यक्ष पाहायची, असेही ठरले. माझ्या मते या प्रकरणातला हा सर्वांत चांगला निर्णय होता, कारण त्यात शोधाला वेळ मिळाला आणि ग्राहकाचे नुकसान वाढण्याची वाटही बंद झाली.

निर्णायक निरीक्षणे

शोध वेगळ्या दिशेने वळला तो उंचवट्यांच्या वेळा कागदावर मांडल्यावर. पडद्यावरचा आलेख यासाठी उपयोगी नव्हता. एका दिवसाच्या दृश्यात उंचवटे स्वच्छ दिसत, पण आठवड्याच्या दृश्यात पडदा एकेका तासाची सरासरी काढून एक बिंदू रेखाटत असे. उंचवटा कधी एका तासात पूर्ण बसे, कधी दोन तासांत विभागला जाई, त्यामुळे कमीजास्त उंचीचे दात दिसत आणि प्रत्येकाला त्यात वेगळीच लय भासे. दोन अभियंत्यांमध्ये ‘चार तासांनी येतो’ आणि ‘रात्री जास्त येतो’ असा वाद झाला होता, आणि दोघेही आपापल्या पडद्यावर जे दिसत होते तेच सांगत होते.

म्हणून साठवलेले मूळ आकडे काढले गेले आणि प्रत्येक उंचवट्याच्या मध्याची वेळ लिहिली गेली. उबुंटूच्या पाचही सर्व्हरवर दोन उंचवट्यांमधले अंतर १ तास ४४ मिनिटे होते आणि ते कधीही मिनिटभराने चुकत नव्हते. दिवसाचे चोवीस तास या अंतराने पूर्ण भागले जात नाहीत, त्यामुळे उंचवट्यांची रांग रोज सुमारे वीस मिनिटे उशिरा येत होती. कोकणात भरतीची वेळ रोज पाऊण तासाने पुढे जाते तसाच हा प्रकार होता: ज्याची वेळ रोज नेमकी सरकते, त्याचे मूळ आपल्या घड्याळाबाहेरच्या चक्रात असते. क्रॉनचे काम असे सरकत नाही. पाच सर्व्हरवर अंतर एकच असले तरी वेळा मात्र पाच वेगवेगळ्या होत्या.

दुसरे निरीक्षण सेंटओएसच्या सर्व्हरचे. त्यावरही उंचवटे होते, पण दिवसाला तीन किंवा चारच, म्हणून त्यांच्याकडे कोणी फारसे लक्ष दिले नव्हते. त्यांच्यातले अंतर सात तासांना थोडे कमी होते आणि प्रत्येक उंचवटा सतरा मिनिटांऐवजी तासाहून थोडा अधिक टिकत होता. अंतर चौपट आणि रुंदीही चौपट. असे स्वच्छ गुणोत्तर दिसले की कारण कामात नसून मोजण्याच्या यंत्रणेत आहे, असा संशय घ्यायला हरकत नसते. दुधाच्या नोंदी काही उबुंटू आणि सेंटओएस पाहून चौपट होत नाहीत.

दोन्ही प्रणालींत चौपटीचा फरक कशात आहे, हा आता नेमका प्रश्न झाला. गटातल्या सर्वांत तरुण अभियंत्याने तो कर्नलच्या, म्हणजे कार्यप्रणालीच्या गाभ्याच्या, कॉन्फिगरेशन फाइलमध्ये शोधला. कर्नलचे अंतर्गत घड्याळ सेकंदाला किती टिक (ठोके) देते हे ‘एचझेड’ या किमतीने ठरते. उबुंटू २०.०४ च्या कर्नलमध्ये ती २५० होती, सेंटओएस ७ मध्ये १०००.

खरे कारण

लोड सरासरी सतत मोजली जात नाही. कर्नल सुमारे दर पाच सेकंदांनी एकदा, एका क्षणी, चालण्यास तयार असलेल्या आणि अडकलेल्या प्रक्रिया मोजतो आणि तो आकडा जुन्या सरासरीत मिसळतो. एक मिनिटाच्या सरासरीसाठी जुन्या किमतीचे ९२ टक्के आणि नव्या मोजणीचे ८ टक्के घेतले जातात. दोन मोजण्यांच्या मध्ये काय घडले हे या सरासरीला कधीच कळत नाही.

‘सुमारे’ पाच सेकंद म्हणण्याचे कारण असे, की हे अंतर कर्नलच्या सांकेतिक लेखनात पाच सेकंद अधिक एक टिक असे ठेवलेले आहे. ती एक टिक मुद्दाम जोडलेली आहे: एखादे काम नेमके दर पाच सेकंदांनी चालत असेल, तर ते मोजणीच्या क्षणाला कायमचे चिकटून राहू नये, अथवा कायमचे निसटूही नये, हा तिचा उद्देश. एचझेड २५० असेल तर एक टिक म्हणजे ४ मिलिसेकंद आणि मोजणीचे अंतर ५.००४ सेकंद. एचझेड १००० असेल तर टिक १ मिलिसेकंदाची आणि अंतर ५.००१ सेकंद.

एजंट मात्र घड्याळाला धरून चालत होता. दर मिनिटाच्या ०, १०, २०, ३०, ४० आणि ५० व्या सेकंदाला तो चोवीसही स्क्रिप्ट एकाच क्षणी सुरू करी. आठ कोरवर चोवीस प्रक्रिया तुटून पडत, सुमारे ०.८ सेकंदात सगळ्या संपत आणि पुढचे नऊ सेकंद शांतता असे. त्या ०.८ सेकंदापुरते आठही कोर पूर्ण व्यापलेले असत. दहा सेकंदांच्या सरासरीत त्याचा वाटा फक्त आठ टक्के भरत असल्याने वापराच्या आलेखात तो मिसळून जाई.

आता ही दोन घड्याळे शेजारी ठेवावीत. कर्नलची मोजणी दर वेळी घड्याळाच्या तुलनेत ४ मिलिसेकंद उशिरा होते. बहुतेक वेळ ती स्क्रिप्टच्या शांत काळात पडते आणि तिला एक-दोन प्रक्रिया दिसतात. सरकत सरकत ती जेव्हा त्या ०.८ सेकंदाच्या खिडकीत येते, तेव्हा दर दुसऱ्या मोजणीला वीसेक प्रक्रिया दिसू लागतात आणि लोड साधारण त्याच्या निम्म्याने, म्हणजे दहाने चढतो. स्क्रिप्टच्या दोन फेऱ्यांमध्ये मोजणी ८ मिलिसेकंद सरकते, त्यामुळे ०.८ सेकंदाची खिडकी पार करायला शंभर फेऱ्या, म्हणजे जवळपास सतरा मिनिटे लागतात. एकदा बाहेर पडली की पुढची भेट पूर्ण पाच सेकंद सरकल्यावर: ४ मिलिसेकंदांच्या १,२५० पावलांनी, म्हणजे ६,२५५ सेकंदांनी, १ तास ४४ मिनिटांनी. सेंटओएसवर पावले ५,००० आणि वेळ २५,००५ सेकंद, म्हणजे सात तासांना तीन मिनिटे कमी. पाच सेकंदांच्या पटीत चालणाऱ्या अशा कोणत्याही कामासाठी उंचवट्यांचे अंतर काढायचे सोपे सूत्र म्हणजे एचझेडची किंमत गुणिले पंचवीस, सेकंदांत.

रीस्टार्टने वेळ का सरकत होती, हेही यातून उलगडते. कर्नलच्या मोजणीची सुरुवात यंत्र सुरू होण्याच्या क्षणापासून होते, एजंटची मात्र भिंतीवरच्या घड्याळापासून. पाच सर्व्हर पाच वेगळ्या क्षणी सुरू झालेले असल्याने त्यांचे उंचवटेही पाच वेगळ्या वेळी येत. डेटाबेसच्या अभियंता बाईंना यादीत तिघेच का दिसत होते याचेही उत्तर मिळाले: त्यांची पाच सेकंदांची यादी स्क्रिप्टच्या शांत काळात पडत होती. कर्नलला जे दिसत होते ते त्यांना दिसत नव्हते, कारण दोघे वेगवेगळ्या क्षणी डोकावत होते.

थोडक्यात, १ तास ४४ मिनिटे हे अंतर सर्व्हरवरच्या कोणत्याही कामाचे नव्हते. ते दोन मोजणाऱ्यांच्या फरकातून जन्मले होते, म्हणून कोणत्याही वेळापत्रकात सापडणे शक्यच नव्हते.

पडताळणी

गणित जुळले म्हणून गटप्रमुखांनी ते लगेच स्वीकारले नाही. दोन प्रयोग ठरले आणि प्रयोगाआधी निकाल काय येईल हे लिहून ठेवण्याची अट घातली गेली.

पहिल्या प्रयोगात उबुंटूच्या एका सर्व्हरवरचा एजंट सकाळच्या संकलनानंतर दुपारपर्यंत बंद ठेवायचा होता. इथे एक व्यावहारिक अडचण आली: मोजणाराच बंद केला तर मोजायचे कशाने? उपाय साधा होता. मिनिटातून एकदा कर्नलचा लोडचा आकडा फाइलमध्ये उतरवणारी दोन ओळींची स्क्रिप्ट पुरेशी झाली. दोन उंचवट्यांची वेळ येऊन गेली आणि रेषा सपाट राहिली.

हा निकाल पटण्यासारखा असला तरी पुरेसा नव्हता, कारण एजंट बंद केल्याने त्याचा सगळा भारच गेला होता. कोणी म्हटले असते, की एजंटमध्येच दर पावणेदोन तासांनी काहीतरी बिघडत असेल. म्हणून दुसरा प्रयोग अधिक महत्त्वाचा होता. त्यात एजंट चालू ठेवून त्याचे अंतर दहाऐवजी सात सेकंद केले. सात आणि पाच यांचा मेळ असा बसतो, की मोजणीचे क्षण खिडकीच्या तुलनेत एकेका सेकंदाच्या अंतराने पसरतात आणि साधारण दर सातवी मोजणी जवळजवळ नेहमीच खिडकीत पडते. म्हणजे काम वाढूनही उंचवटे नाहीसे व्हावेत आणि त्याऐवजी सपाट रेषा दोन-अडीचने वर उचलली जावी, असे भाकीत लिहिले गेले. तसेच झाले. काम वाढवल्यावर उंचवटा नाहीसा होतो, हे दुसऱ्या कोणत्याही स्पष्टीकरणात बसत नव्हते.

शिवाय एक तिसरा पुरावा आयताच उपलब्ध होता. कर्नल ४.२० पासून प्रक्रियांना प्रोसेसरसाठी किती वेळ थांबावे लागले याचे ‘प्रेशर’ नावाचे सततचे मोजमाप मिळते. ते अधूनमधून डोकावून घेतलेले नसते. उबुंटूच्या सर्व्हरवरचे हे प्रेशरचे आकडे उंचवट्याच्या आत आणि बाहेर सारखेच होते.

केलेले बदल आणि त्यांचे परिणाम

एजंटमध्ये प्रत्येक मोजमाप ठरावीक मर्यादेत यादृच्छिक विलंबाने सुरू करण्याची सोय होतीच, फक्त ती मुळात शून्यावर असते. ती आठ सेकंदांवर ठेवली. चोवीस स्क्रिप्ट आता एकत्र न धावता आठ सेकंदांत विखुरल्या गेल्या आणि त्याच दिवशी सर्व सर्व्हरवरचे उंचवटे थांबले.

त्यावर एक तक्रार आली, की शांत काळातला लोड १.२ वरून १.८ झाला, म्हणजे बदलाने भार वाढला. प्रत्यक्षात भार तितकाच होता. आधी तो बहुतेक वेळ मोजणीतून निसटत होता आणि मग सतरा मिनिटांत एकदम वसूल होत होता. आता तो सारखा दिसत होता. दिवसाची सरासरी काढल्यावर ती आधीपेक्षा कमीच भरली, कारण स्क्रिप्ट एकमेकींच्या रांगेत अडकणे थांबले होते.

मात्र या सगळ्यात ‘आलेख खोटा होता’ एवढाच निष्कर्ष काढून थांबणे योग्य झाले नसते. उंचवट्याचा आकार आणि वेळ भासमान होती, पण दर दहा सेकंदांनी आठही कोर ०.८ सेकंद अडवले जात होते हे खरे होते, आणि प्रत्येक सर्व्हरची आठ टक्के शक्ती सर्व्हरकडे पाहण्यातच खर्च होत होती हेही खरे होते. सरासरी प्रतिसाद वेळेत हे दिसत नव्हते. सर्वांत संथ एक टक्का विनंत्यांकडे पाहिल्यावर संकलनाच्या वेळी काही पावत्यांना लागणारा जादा वेळ बदलानंतर कमी झालेला आढळला. चोवीसपैकी अठरा स्क्रिप्ट दर दहा सेकंदांनी चालवण्याची गरजच नव्हती. प्रमाणपत्राची मुदत दहा सेकंदांत बदलत नाही. त्या दर पाच मिनिटांवर नेल्या आणि प्रोसेसर वापर तेवीसवरून सतरा टक्क्यांच्या आसपास आला. सोळा कोरचे दरपत्रक बाजूला ठेवले गेले.

अलर्टही बदलले. आता फोन जातो तो पावती निघण्याचा वेळ किंवा बिलाच्या कामाची रांग मर्यादेबाहेर गेली तर. लोडचा आलेख पडद्यावर आहे, पण ‘लोड’ याच नावाने आणि टक्क्याच्या चिन्हाविना. त्याच्या शेजारी प्रत्यक्ष वापर आणि प्रेशर असे दोन स्वतंत्र आलेख आहेत.

काय वेगळे करता आले असते

सर्वांत आधी, उंचवट्यांच्या वेळा पहिल्याच दिवशी कागदावर यायला हव्या होत्या. क्रॉनमध्ये शोधण्याआधी ‘नेमके किती अंतराने’ हा आकडा मिनिटापर्यंत माहीत असता, तर क्रॉनची चौकशी अर्ध्या तासात संपली असती. डोळ्यांनी आलेख पाहून लय ठरवणे किती फसवे असते हे आठवड्याच्या दृश्याने दाखवलेच.

रीस्टार्टचा निर्णय मला चुकीचा वाटत नाही. तो स्वस्त होता आणि त्यातून माहितीही मिळाली. त्याची नोंद मात्र अपुरी होती. ‘वेळ सरकली’ एवढे दोन शब्द त्या नोंदीत असते, तर घड्याळाशी बांधलेली सगळी कारणे तिथेच गळून पडली असती.

अलर्ट गप्प करण्याबाबत गटात अजूनही दोन मते आहेत. पासष्ट फोनांच्या माऱ्यात कोणीही माणूस नीट काम करू शकत नाही, हे मान्यच आहे. पण गप्प करताना त्याच दिवशी दुसरी एखादी पहारेदार खूण, किमान रांगेच्या लांबीची, उभी करायला हवी होती, आणि गप्प केलेला अलर्ट ठरावीक मुदतीनंतर आपोआप पुन्हा बोलता होईल अशी सोय वापरायला हवी होती. ती सोय त्यांच्या साधनात होती.

सेंटओएसचा सर्व्हर ‘त्याला तर रोज तीनच अलर्ट येतात’ म्हणून चौकशीतून वगळला गेला होता. वेगळा वागणारा सहावा सर्व्हर हाच खरा साक्षीदार होता. सारखे वागणाऱ्या पाच यंत्रांची तुलना करून जे कळत नाही, ते एका वेगळ्या यंत्रावरून कळते.

सेंटओएस ७ चा आधार ३० जून २०२४ रोजी संपला आणि तो सर्व्हरही पुढे उबुंटूवर हलवला गेला. उबुंटूने २४.१० पासून आपल्या कर्नलमधली एचझेडची किंमत २५० वरून १००० केली आहे, त्यामुळे विलंबाची सोय शून्यावर ठेवून कोणी नव्या आवृत्तीवर गेले, तर त्यांचा पावणेदोन तासांचा उंचवटा सात तासांचा होईल आणि तासभर टिकेल. या कंपनीच्या स्थलांतराच्या यादीत म्हणूनच आता प्रत्येक सर्व्हरच्या नावापुढे कर्नलची आवृत्ती, एचझेडची किंमत आणि एजंटचा विलंब असे तीन रकाने आहेत, आणि नवी स्क्रिप्ट जोडताना ती किती अंतराने चालावी याचे कारण लिहिल्याशिवाय ती स्वीकारली जात नाही.